सल्लागाराची फी आणि मालकाचा वेळ

नागपुरात हिंगण्याच्या एमआयडीसीत असो की इतवारीच्या बोळात, धंदा वीस-पंचवीस माणसांवर गेला की एक टप्पा हमखास येतो. ऑर्डरी हातात असतात, पण माल वेळेवर निघत नाही. विक्री वाढते, पण महिनाअखेरीस पगाराला पैसे जमवताना दमछाक होते. गोदाम गच्च भरलेले असते आणि गिऱ्हाईक मागते नेमका तोच माल त्यात नसतो. मालक सकाळी नऊला शटर उघडतो, रात्री नऊला ओढतो आणि मधला सगळा वेळ फोनवर ‘कुठे अडकले?’ हेच विचारत राहतो. मग कुणीतरी सुचवते, एखादा कन्सल्टंट लावून पाहा. त्यावर दोन तऱ्हेचे मालक दिसतात. एकाला वाटते, फी भरली की हा माणूस जादूची कांडी फिरवील. दुसरा म्हणतो, आमच्या तीन पिढ्या याच धंद्यात गेल्या, हा कोट घालून आलेला आम्हाला काय शिकवणार? दोघांचे एका बाबतीत मात्र एकमत असते: सल्लागार सल्ला विकतो. मला हे गृहीतकच चुकीचे वाटते. सल्ला या व्यवहारातली सगळ्यात स्वस्त वस्तू आहे. पैसे द्यायचे ते मोजमाप आणि नोंदीची सवय कारखान्यात मुरेपर्यंत तिथे उभे राहणाऱ्या माणसाच्या तासांचे. आणि त्या तासांना मालकाच्या वेळेची जोड मिळणार नसेल, तर सल्लागार नेमूच नये.

याचा सगळ्यात भक्कम पुरावा आपल्याच राज्यातला आहे. 2008 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठ आणि जागतिक बँकेशी संबंधित अर्थतज्ज्ञांनी पालघर जिल्ह्यातले तारापूर आणि सीमेपलीकडचे उंबरगाव या भागातल्या 17 कापड कंपन्या निवडल्या. सगळ्या कुटुंबाच्या मालकीच्या, सुती कापड विणणाऱ्या. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका आंतरराष्ट्रीय सल्लागार कंपनीची माणसे दोन्ही गटांकडे फुकट पाठवली, फक्त वेगवेगळ्या मुदतीसाठी. 6 कंपन्यांना एक महिन्याची तपासणी आणि काय करावे याच्या शिफारशी मिळाल्या. 11 कंपन्यांना तीच तपासणी मिळाली आणि शिवाय पुढचे चार महिने सल्लागार कारखान्यात येऊन त्या शिफारशी अमलात आणायला मदत करत राहिले. कारखान्यामागे सरासरी 781 तास. कोणत्या पद्धती पाळल्या जातात हे पाहायला 38 गोष्टींची यादी होती: मशीन बंद पडल्याची नोंद रोज होते का, दोष कशामुळे आला हे लिहिले जाते का, सुताचा साठा दर आठवड्याला मोजला जातो का, अशा साध्या गोष्टी. नुसत्या शिफारशी मिळालेल्यांत या पद्धतींचे प्रमाण सुमारे 12 टक्के अंकांनी वाढले. सल्लागार थांबून राहिले तिथे ते सुमारे 38 अंकांनी वाढले आणि पहिल्या वर्षातच उत्पादकता 17 टक्क्यांनी सुधारली. शिफारशी दोघांनाही मिळाल्या होत्या. फरक पाडला तो नंतरच्या चार महिन्यांनी. बाइंडिंग केलेला अहवाल घेऊन समाधान मानणाऱ्याने हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत.

त्या कारखान्यांत आधी काय चित्र होते, तेही पाहण्यासारखे आहे, कारण ते बुटीबोरीतल्या किंवा कळमेश्वरच्या कितीतरी शेडमध्ये आजही दिसेल. सुताची पोती एकावर एक कशीही रचलेली, त्यांवर चिठ्ठी नाही, खालचे कोन दबून गेलेले, काही ओलीने खराब. कोणते सूत किती उरले हे कुणालाच ठाऊक नाही, म्हणून पुन्हा नवे मागवायचे. हत्यारे जमिनीवर विखुरलेली. कापडातले दोष वहीत लिहिलेले असत, पण ती वही उघडून कोणत्या मागावर, कोणत्या पाळीत, कोणता दोष वारंवार येतो हे कुणी पाहत नसे. दोष आला की दुरुस्त करायचा, एवढीच रीत. जवळपास पाचवा हिस्सा मनुष्यबळ कापड तपासून दुरुस्त करण्यात गुंतलेले होते. सल्लागारांनी यावर काही अगम्य तंत्र आणले नाही. सूत रांगेत लावले, त्याला चिठ्ठ्या लावल्या, साठा संगणकावर चढवला आणि रोज सकाळी आदल्या दिवसाच्या दोषांवर बोलायला माणसे एकत्र बसवली. मालक इतके दिवस हे का करत नव्हते? संशोधकांना मिळालेले उत्तर असे की, बऱ्याच मालकांना आपला दर्जा मुळातच चांगला आहे असे वाटत होते किंवा या गोष्टींनी नफ्यात फरक पडेल हे पटत नव्हते. आणखी एक बाब त्यांना आढळली, ती आपल्याकडच्या वाचकाला ओळखीची वाटेल. कंपनीचे किती कारखाने असतील हे बऱ्याच अंशी कुटुंबात कर्ते पुरुष किती आहेत यावर ठरत होते. भाऊ, मुलगा, पुतण्या यांच्यापलीकडे किल्ली द्यायची नाही, ही वृत्ती धंद्याची उंची ठरवते.

‘बाहेरच्याला आमच्या धंद्यातले काय कळणार’ या आक्षेपाचे उत्तर शोधायला नागपूरच्या बाहेर जायची गरज नाही. जमशेटजी टाटांनी 1 जानेवारी 1877 रोजी इथे एम्प्रेस मिल सुरू केली, तेव्हा व्यवस्थापक म्हणून बेझनजी दादाभाई मेहता यांना आणले. ते रेल्वेच्या मालवाहतूक खात्यातले. कापडगिरणीशी त्यांचा संबंध नव्हता. सूतकताईचे आणि यंत्रांचे पाहायला ब्रुक्सबी नावाचे इंग्रज तंत्रज्ञ होतेच. म्हणजे धंद्याचे ज्ञान एकाकडे आणि माल, माणसे, वेळ यांची शिस्त दुसऱ्याकडे, अशी ती वाटणी होती. मालगाड्या वेळेवर हलवणाऱ्याला कापूस, सूत आणि कापड यांची हालचालही लावता येते, हा त्यामागचा हिशेब असावा. त्यातून उभी राहिलेली गिरणी पुढे शतकभर शहराचे पोट भरत राहिली. इथे एक सावधगिरी मात्र हवी. मेहता सल्ला देऊन परत गेले नाहीत, ते नागपुरात राहिले आणि जबाबदार राहिले. तेव्हा तुमचा धंदा सल्लागाराला तुमच्याइतका कळावा अशी अपेक्षा ठेवू नका. पण तो तुमच्या शेडमध्ये किती दिवस उभा राहणार, हे विचारायला संकोचू नका.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. तारापूरचे ते कारखाने शेकडो कामगारांचे होते. आमच्याकडे माणसे बाराच, त्यांचा अनुभव आम्हाला कसा लागू? कायद्याच्या भाषेत ‘लघु’ हा शब्द फार ऐसपैस झाला आहे, हे खरे. 1 एप्रिल 2025 पासून 10 कोटींपर्यंत उलाढालीचा उद्योग सूक्ष्म आणि 100 कोटींपर्यंतचा लघु गणला जातो. सीताबर्डीतले टेलरिंगचे दुकान आणि बुटीबोरीतला सुट्या भागांचा कारखाना एकाच योजनेच्या कागदावर शेजारी बसू शकतात. पुराव्यांत मात्र या दोघांची उत्तरे वेगळी निघतात. मेक्सिकोतल्या प्वेब्ला राज्यात 432 लहान-मध्यम उद्योगांपैकी 150 जणांना वर्षभर, आठवड्याला सुमारे चार तास सल्लागार दिला. पाच वर्षांनंतरही त्यांच्याकडची कामगारसंख्या इतरांपेक्षा बरीच जास्त आढळली. उलट घानातल्या अक्रा शहरात शिंप्यांना असाच सल्ला दिला, तेव्हा काही महिने त्यांनी हिशेब ठेवला, पैसे वेगळे काढले आणि वर्षभरात सगळे जुन्या पद्धतीवर आले. नफा वाढला नाही. याचा अर्थ शिंपी हट्टी होते असा लावू नये. एका माणसाच्या धंद्यात सुई चालवणारा, गिऱ्हाईक सांभाळणारा आणि वही लिहिणारा तोच असतो. नवी पद्धत सांभाळायला दुसरा हातच नसतो. नायजेरियात 753 उद्योगांवर झालेल्या प्रयोगाने यातून एक वाट दाखवली. मालकाला शिकवण्यापेक्षा हिशेबाचे किंवा मार्केटिंगचे काम जाणत्या माणसाकडे बाहेर सोपवणे जास्त उपयोगी ठरले, आणि सल्लागाराइतकाच फायदा साधारण निम्म्या खर्चात झाला. म्हणून पाच-सात माणसांच्या धंद्याला मी सल्लागार सुचवणार नाही. आठवड्यातून दोन दिवस येणारा, टॅली नीट जाणणारा आणि उधारीची यादी काढून वसुलीचे फोन लावणारा माणूस त्यांच्या जास्त कामाचा.

पंधरा-वीस माणसांच्या पुढे असाल, तरीही सल्लागाराला फोन करण्याआधी एक महिना स्वतः मोजा. हे काम सोपे आहे, फक्त कंटाळवाणे आहे. समजा तुमचे फॅब्रिकेशनचे युनिट आहे आणि लोखंडी कॅबिनेटची ऑर्डर घेताना तुम्ही बारा दिवसांचा वायदा करता. पुढच्या दहा ऑर्डरींना एकेक पुठ्ठ्याचे कार्ड तारेने बांधा. कटिंग, बेंडिंग, वेल्डिंग, ग्राइंडिंग, पावडर कोटिंग, पॅकिंग. प्रत्येक ठिकाणी काम सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ त्या-त्या कारागिराने पेनाने लिहायची. सुपरवायझरने नव्हे, कारागिरानेच. महिनाअखेरीस कार्डे टेबलावर पसरलीत, तर बहुधा असे दिसेल की मालावर प्रत्यक्ष हात चालला सत्तावीस तास, म्हणजे नऊ तासांच्या पाळीने तीन दिवस. उरलेले नऊ दिवस माल नुसता पडून होता: दोन दिवस ड्रॉइंगला गिऱ्हाइकाची मंजुरी यायची होती म्हणून, तीन दिवस बिजागऱ्या आल्या नव्हत्या म्हणून, चार दिवस कोटिंगवाल्याकडे रांग होती म्हणून. आता नवे बेंडिंग मशीन कर्जाने घ्यायचा बेत होता, तो पुन्हा तपासा. त्या मशीनने चार तासांचे दोन होतील आणि माल तरी बाराव्या दिवशीच निघेल. कधीकधी या कार्डांतूनच उत्तर निघते आणि सल्लागाराची गरजच उरत नाही. नाही निघाले, तरी आता तुमच्याकडे ‘सिस्टीम लावून द्या’ या मोघम मागणीऐवजी नेमका प्रश्न असतो. मोघम मागणी करणाऱ्याला मोघम कामच मिळते, आणि त्याचे बिल काही मोघम नसते.

माणूस निवडताना लेटरहेडवरच्या पदव्यांपेक्षा चार प्रश्नांची उत्तरे पाहा. बोलणी करायला आलेला अनुभवी गृहस्थच रोज येणार की गेल्या वर्षी पास झालेला मुलगा? मुलगा येणार असेल तर हरकत नाही, पण तसे नाव घालून लिहून घ्या. सॉफ्टवेअर किंवा मशीन विकणाऱ्याकडून त्याला कमिशन मिळते का? मिळत असेल तर तुमच्या दुखण्यावरचे औषध आधीच ठरलेले आहे. आधीच्या दोन गिऱ्हाइकांच्या कारखान्यात तो तुम्हाला नेईल का, आणि तिथे मालकाशी न बोलता सुपरवायझरशी बोलू देईल का? शेवटचा प्रश्न थोडा आडवा आहे: कोणते काम तुम्ही घेत नाही? ज्याला सगळेच जमते त्याच्याबद्दल मला शंका वाटते. वितरक, कापड, खाद्यपदार्थ, इंजिनिअरिंग, दवाखाना, सगळीकडे तोच सोळा पानांचा अहवाल घेऊन हिंडणारे लोक या क्षेत्रात थोडे नाहीत. सल्लागारांवर राग असलेल्या मालकांचा अनुभव बहुधा खोटा नसतो. फक्त त्यांनी कागद विकत घेतलेला असतो आणि अपेक्षा बदलाची ठेवलेली असते.

करार दोन तुकड्यांत करावा. आधी तीन-चार आठवड्यांची तपासणी, तिची फी वेगळी, आणि तिथे थांबण्याची दोघांनाही मोकळीक. पुढचा टप्पा पटला तरच. दुसऱ्या टप्प्यात आठवड्याला किती दिवस हजेरी, कोणते दोन किंवा तीन आकडे सुधारायचे आणि ते कुठून घ्यायचे हे लिहावे. ‘वाचवलेल्या पैशांत इतके टक्के’ अशी फी ऐकायला गोड लागते, पण बचत नेमकी कशामुळे झाली यावरून भांडण ठरलेले. तुलनाही जपून करावी. मे महिन्यात पारा 45 अंशांकडे जातो तेव्हा पत्र्याच्या शेडमधले उत्पादन खाली येतेच. सप्टेंबरच्या आकड्यांशी ते ताडून सुधारणा झाली असे कुणी सांगू लागला तर हसावे आणि मागच्या सप्टेंबरची वही काढावी. संत्रा बर्फी किंवा रस करणाऱ्याला तर आंबिया बहाराचे ऑक्टोबर ते डिसेंबर आणि मृग बहाराचे फेब्रुवारी ते एप्रिल हे दोन वेगळे हंगाम आहेत. एका बहाराचे मोजमाप दुसऱ्याला लावून चालत नाही. फीचा एक हिस्सा, निदान पंचवीस टक्के, काम संपल्यानंतर सहा महिन्यांनी पाहणी करून द्यायचा असे ठरवा. फीवर 18 टक्के जीएसटी येतो. शिवाय सल्लागाराची स्वतःची उद्यम नोंदणी सूक्ष्म किंवा लघु गटात असेल, तर करार असताना जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे न दिल्यास तो खर्च त्या वर्षी करपात्र उत्पन्नातून वजा मिळण्यात अडचण येते. राखून ठेवलेला हप्ता देय कधी होतो, हे म्हणूनच करारात स्पष्ट हवे. सही करण्याआधी हा कागद सीएला दाखवावा.

खर्च परवडत नाही, हा तिसरा आणि खरा आक्षेप. त्यावर दोन उपाय आहेत. केंद्र सरकारची एमएसएमई कॉम्पिटिटिव्ह लीन योजना मार्च 2023 मध्ये नव्या रूपात सुरू झाली. तिच्यात सल्लागाराच्या फीचा 90 टक्के भार सरकार उचलते, असे तिचे स्वरूप आहे. उद्यम नोंदणी लागते. सेमिनरी हिल्सच्या सीजीओ कॉम्प्लेक्समधल्या केंद्राच्या एमएसएमई कार्यालयात चौकशी करून सध्याचे नियम विचारून घ्यावेत. योजनेतल्या पैशांचा मोह एवढाच धोक्याचा की फुकट मिळतो म्हणून सल्लागार घेतला जातो आणि प्रमाणपत्र भिंतीवर लागले की विषय संपतो. दुसरा उपाय मला जास्त आवडतो. कोलंबियात वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या उद्योगांना सल्ला देताना काहींना स्वतंत्र सल्लागार दिला आणि काहींचे गट करून एकच दिला. गटाचा खर्च सुमारे एक तृतीयांश आला आणि व्यवस्थापनातली सुधारणा जवळपास तेवढीच झाली. हिंगण्याची एमआयडीसी इंडस्ट्रीज असोसिएशन, बुटीबोरी मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशन, 1963 पासूनची विदर्भ इंडस्ट्रीज असोसिएशन, व्यापाऱ्यांसाठी 1944 पासूनचे नाग विदर्भ चेंबर ऑफ कॉमर्स, ही सगळी व्यासपीठे तयार आहेत. एकमेकांशी स्पर्धा नसलेल्या पाच जणांनी, म्हणजे एक फॅब्रिकेशनवाला, एक मसाल्याचा, एक छपाईचा, असे मिळून एकच माणूस घेतला आणि महिन्यातून एकदा एकमेकांच्या शेडमध्ये फेरी मारली, तर आपली गुपिते फुटतील ही भीतीही बरीच कमी होते. शिवाय शेजाऱ्यासमोर ‘गेल्या महिन्यात काहीच केले नाही’ हे सांगायची लाज सल्लागाराच्या तगाद्यापेक्षा जास्त काम करते.

कामगारांचे काय, हा प्रश्न बहुतेक मालक शेवटी विचारतात. तो पहिला असायला हवा. अनोळखी माणूस घड्याळ घेऊन शेजारी उभा राहिला की वेल्डरच्या मनात एकच येते, आता कुणाला तरी काढणार. त्यानंतर कार्डावर जे लिहिले जाईल ते खरे असणार नाही. म्हणून सल्लागार येण्याच्या आदल्या दिवशी मालकाने स्वतः सगळ्यांना गोळा करून सांगावे की मोजायचा आहे तो मालाचा वेळ, माणसाचा नव्हे, आणि यामुळे कुणाचीही नोकरी जाणार नाही. हे सांगता येत नसेल, मनात खरोखरच माणसे कमी करायची असतील, तर सल्लागाराच्या आडून ते करू नये. आणि नोंदींचा फळा लावायचा तो कामगारांच्या भाषेत. विदर्भातल्या कितीतरी युनिटमध्ये छिंदवाडा, बालाघाटकडची माणसे काम करतात. त्यांच्यासमोर इंग्रजी शब्दांचा तक्ता टांगणे म्हणजे तो न टांगण्यासारखेच.

सल्लागार गेल्यावरचा काळ सगळ्यात कठीण. तारापूरच्या त्याच कारखान्यांत संशोधक आठ-नऊ वर्षांनी परत गेले. ज्यांनी चार महिने मदत घेतली होती ते इतरांच्या पुढेच होते, आणि काही पद्धती त्यांच्या दुसऱ्या कारखान्यांतही आपोआप पसरल्या होत्या. पण सुरू केलेल्या पद्धतींपैकी जवळपास निम्म्या सुटल्या होत्या. कारणे दोन ठळक: कारखान्याचा मॅनेजर बदलला, किंवा मालकाला वेळ उरला नाही. म्हणून शेवटच्या महिन्यात सल्लागाराकडून नवे काही शिकायचे नाही. त्या महिन्यात त्याने कोपऱ्यात उभे राहायचे आणि बैठक तुमच्या माणसाने घ्यायची. एका माणसाने नव्हे, दोघांनी आळीपाळीने, म्हणजे एक जण सोडून गेला तरी वही बंद पडणार नाही. मालकाने आठवड्यातला एक तास ठरवून टाकावा. समजा शनिवारी सकाळी साडेदहा. त्या तासात फोन बंद, गिऱ्हाईक आले तर चहा पाजून बसवायचे, आणि त्या आठवड्याची कार्डे एकेक करून हातात घेऊन पाहायची. सल्लागाराशी पहिली बोलणी करायला बसाल, तेव्हा फीचा आकडा विचारण्याआधी हा शनिवारचा तास तुम्हाला खरोखर काढता येतो का, हे सलग चार शनिवार करून पाहिलेले असावे.